पाकिटावरची सही

आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाखाली एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत की जमिनीचे कागद नाहीत. पाकिटे आहेत. टपाल खात्याने सैनिकांच्या, पलटणींच्या आणि लढायांच्या स्मरणार्थ काढलेली तिकिटे, ती चिकटवलेली पाकिटे, त्यांवर त्या दिवसाचा खास शिक्का, आणि जमले तिथे एका बाजूला एखाद्या शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकाची सही. चाळीस वर्षे मास्तरकी करताना सुट्ट्यांमध्ये, बदल्यांमध्ये, लग्नकार्याला गेलो त्या गावांमध्ये आम्ही ही पाकिटे जमवली. घरातले या पेटीला थट्टेने ‘पलटण’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले निवृत्त सुभेदार, १९७१च्या युद्धातले पदकधारी, रात्री वारले होते. आमची त्यांची पंधरा वर्षांची ओळख. त्यांच्या घरची भाकरी आम्ही खाल्ली होती. फोन ठेवला आणि आम्ही काय केले? पेटी उघडली. त्यांच्या सहीचे पाकीट जागेवर आहे ना, शाई फिकी झालेली नाही ना, ते पाहिले. मग जो विचार मनात आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचे काहीच सांगता येणार नाही. आता ही सही पुन्हा कुणाला मिळणार नाही, म्हणजे पाकिटाचे मोल वाढले, असे आमच्या मनात आले. त्यानंतर ‘इन्ना लिल्लाहि’ तोंडातून निघाले. ते आधी निघायला हवे होते.

ही आमची एकट्याची गोष्ट असती तर आम्ही ती पेटीतच ठेवली असती. पण या छंदाच्या बाजाराचा नियमच असा आहे. सही करणारा हयात असतो तोवर सही स्वस्त. तो गेला की महाग. म्हणजे ज्याच्या शौर्यापुढे आपण मान झुकवतो त्याच्या मरणाची आपण नकळत वाट पाहत असतो. मग मोठ्या माणसाची सही जमवणारा माणूस नेमके काय जमवत असतो? आदर, मालमत्ता, की आणखी काही? त्या सकाळपासून या प्रश्नाने आमची पाठ सोडलेली नाही.

आमचे अब्बा टपाल खात्यात सॉर्टर होते. रात्रपाळीला पत्रांच्या थैल्या फोडायच्या आणि गावागावांचे गठ्ठे बांधायचे, हे त्यांचे काम. लहानपणी कधी डबा द्यायला गेलो तर ते फौजींची पत्रे दाखवीत. पत्त्यात पलटणीचे नाव आणि शेवटी ‘५६ एपीओ’. गाव नाही, जिल्हा नाही. “हा माणूस कुठे आहे ते आपल्यालासुद्धा माहीत नसते, पण पत्र पोहोचते,” असे ते अभिमानाने सांगत. एकदा एका पाकिटावरचे सुंदर तिकीट पाहून आम्ही ते काढायला मागितले. त्यांनी पाकीट आमच्या हातातून घेतले. म्हणाले, “हातात असले म्हणून ते आपले होत नाही. ज्याचे नाव वर आहे त्याचे ते. आपल्याकडे ती अमानत.” त्या वेळी ही खात्याची शिस्त वाटली. ती शिस्त आमच्या छंदालाही लागू आहे हे कळायला आमचे केस पांढरे व्हावे लागले.

सह्यांच्या पाकिटांचा हा छंद सर्वांत जास्त फोफावला तो ब्रिटनमध्ये. लंडनच्या हेंडन भागात १९७२ साली शाही हवाई दलाचे संग्रहालय सुरू झाले. त्या काळापासून तिथे अशा पाकिटांच्या मालिकाच निघाल्या. पाकीट विमानातून उडवून आणायचे, त्यावर वैमानिकाची किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या नामवंत योद्ध्याची सही घ्यायची आणि ते छांदिष्टांना विकायचे. संग्रहालयाला आणि माजी सैनिकांच्या मदतकार्याला त्यातून पैसा मिळावा हा हेतू. हेतू चांगला होता, आणि म्हाताऱ्या योद्ध्यांनी टेबलाशी बसून शेकडो पाकिटांवर सह्या केल्या.

त्यांत लेनर्ड चेशायर हे एक होते. महायुद्धात त्यांनी बाँबफेकी विमानांतून शंभर मोहिमा केल्या. १९४४ साली त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते आकाशात हजर होते. युद्धानंतर त्यांनी हवाई दल सोडले आणि १९४८ साली इंग्लंडमध्ये एका मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा आपल्या घरी सुरू केली. त्यातून अपंग आणि असाध्य आजारी माणसांसाठीची चेशायर होम्स उभी राहिली. इंग्लंडबाहेर हे काम पहिल्यांदा सुरू झाले ते भारतात. १९५०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत अंधेरीला असे घर उघडले. चेशायर १९९२ साली वारले. त्यांच्या सहीचे पाकीट विकणारा व्यापारी यादीत त्यांच्या नावापुढे ‘व्हीसी’ ही दोन अक्षरे लिहितो, आणि भाव त्या दोन अक्षरांचा असतो. पण सही कुणाची असते? बाँब टाकणाऱ्याची, नागासाकीचा धूर पाहणाऱ्याची, की रुग्णाची भांडी घासणाऱ्याची? हात एकच. बाजार त्यातला एक भाग उचलतो आणि बाकीचा माणूस टाकून देतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. परमवीर चक्र हे युद्धातले आपले सर्वोच्च पदक. ते साकारले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने मराठी. आजवर हे पदक २१ जणांना मिळाले आणि त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. म्हणजे छांदिष्टाच्या भाषेत बोलायचे तर २१ पैकी १४ सह्या कधी मिळणारच नव्हत्या. उरलेल्या सातांतही दोघांची कहाणी विलक्षण आहे. १९६२ साली लडाखमध्ये लढलेले मेजर धनसिंग थापा मरण पावले असे समजून त्यांना पदक जाहीर झाले. पुढे कळले की ते चीनच्या कैदेत आहेत. १९९९ साली टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंग यादव यांचेही पदक आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले. ते इस्पितळात होते आणि त्याच नावाचा दुसरा जवान त्या लढाईत कामी आला होता. एक योगेंद्रसिंग पुढची अनेक वर्षे सही करू शकला. दुसऱ्याने कधी, कुणासाठी सही केली असेल? पगाराच्या कागदावर केली असेल. घरच्या पत्राखाली केली असेल.

२८ जानेवारी २००० रोजी टपाल खात्याने शौर्यपदक विजेत्यांची पाच तिकिटे काढली. प्रत्येक तिकीट तीन रुपयांचे. करमसिंग, अब्दुल हमीद, अल्बर्ट एक्का, निर्मलजितसिंग सेखों आणि कॅप्टन एम. एन. मुल्ला. आम्ही पहिल्या दिवसाची पाकिटे मिळवली आणि घरी येऊन अब्बांपुढे पसरली. ते तेव्हा पंच्याहत्तरीला आले होते, भिंग घेऊन एकेक तिकीट पाहत होते. आम्ही खुशीत म्हणालो, “अब्बा, पाचात दोन आपले!” त्यांनी भिंग खाली ठेवले. “दुसरा कोण?” “हे काय, मुल्ला.” अब्बा हसायला लागले. “अरे, ते महेंद्रनाथ. काश्मिरी पंडित. ‘खुकरी’ जहाजाबरोबर गेले ते.” मग हसू थांबवून म्हणाले, “आणि आपले दोन म्हणजे काय? बाकीचे तीन कुणाचे?”

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान मुल्ला यांनी स्वतःसाठी काही केले नाही. लोकांना बाहेर काढत ते जहाजावरच राहिले. एवढे सगळे त्या तिकिटामागे होते आणि आम्ही आडनाव मोजत होतो. आम्हांला खाली पाहावे लागले. पण एक सांगायला हवे. ही मोजायची सवय आम्हांला हौसेने लागलेली नव्हती.

अब्दुल हमीद यांना पदक मिळाले तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात चीमा गावाजवळ ते शहीद झाले. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंपीकाम करणाऱ्या घरातले. जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन ते पॅटन रणगाड्यांना सामोरे गेले. २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या पत्नी रसूलनबीबी यांनी राष्ट्रपतींच्या हस्ते पदक स्वीकारले. त्या वर्षापासून शाळेत स्वातंत्र्यदिनाला अब्दुल हमीद यांच्यावर भाषण असे आणि ते आमच्याच वाट्याला येई. वर्गात आम्हांला शिवाजी महाराजांवर बोलायची हौस होती, टिळकांवर पाठांतर तयार होते. पण गुरुजी प्रेमाने म्हणत, “तू अब्दुल हमीद घे.” गुरुजींच्या मनात खोट नव्हती. तरीही दरवर्षी टाळ्या पडताना आम्हांला वाटे की आपण भाषण केले नाही, दाखला सादर केला.

आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला हे भाषण आले असेल! पुढे मोठे झाल्यावर तोच दाखला वेगळ्या प्रसंगी खिशातून काढावा लागला. भाड्याची खोली पाहताना, एखाद्या बॉम्बस्फोटानंतर कचेरीत चहा पिताना, कुणीतरी सहज म्हणून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना. “अहो, अब्दुल हमीद कोण होते?” असे आपण म्हणतो, आणि समोरचा गप्प होतो किंवा मान डोलावतो. आपले काम होते. अब्दुल हमीद यांचे काय होते, हा विचार आपण करत नाही.

त्या माणसाने जीप शेतात घातली तेव्हा ती आमच्या भाड्याच्या खोलीसाठी घातली नव्हती. त्याने आपले कर्तव्य केले, आपल्या साथीदारांसाठी केले, देशासाठी केले. त्याच्या मरणाला आम्ही ओळखपत्र केले तर आम्ही त्या व्यापाऱ्याहून वेगळे कसे? तो पैसे वसूल करतो, आम्ही विश्वास वसूल करतो. एकाच्या रक्तावर दुसऱ्याचा दाखला मागणारा चुकतो यात शंकाच नाही. त्याची चूक मोठी आहे. पण तो दाखला पुढे करण्याची आपल्याला सवय लागावी, इतकी की नवे तिकीट हाती येताच आपण आडनावे मोजू लागावे, हा आपल्या मनाला जडलेला रोग आहे आणि त्याचे औषध आपल्यालाच घ्यावे लागेल.

नियतीचा, म्हणजे हेतूचा, प्रश्न इथे येतो. एक हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कयामतच्या दिवशी ज्यांचा हिशेब आधी होईल त्यांत एक लढाईत मारला गेलेला माणूस असेल. तो म्हणेल, मी तुझ्यासाठी लढलो. त्याला सांगितले जाईल की तू खोटे बोलतोस. लोकांनी शूर म्हणावे म्हणून तू लढलास, आणि ते म्हणून झाले. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हांला त्या माणसाची भीती वाटे. आता वाटते की तिच्यात आणखी कुणीतरी आहे. ‘शूर’ असे म्हणणारे ते लोक कोण? सही मागायला वही पुढे करणारे, टाळ्या वाजवणारे, पाकिटे जमवणारे. आम्हीच ते. ज्याचे कर्म निखळ होते त्यालाही वाहवेची चटक लावणारे हात आमचे असू शकतात.

मग सह्या घेणे पापच म्हणायचे का? एवढे टोकाला जाण्याचे कारण नाही. इथे एक शब्द आमच्या मदतीला आला. ‘शहीद’ या शब्दाच्या मुळाशी साक्ष देणे हा अर्थ आहे. शहादत म्हणजे बलिदान आणि शहादत म्हणजेच गवाही. कोर्टात साक्षीदार जबानीखाली सही करतो, म्हणजे काय करतो? जे पाहिले त्याला आपले नाव बांधतो. लढाईतून परत आलेल्या सैनिकाच्या सहीकडे असे पाहिले तर तिचा अर्थ पालटतो. मी तिथे होतो, हे घडले, आणि माझ्या शेजारचा परत आला नाही, एवढी ती जबानी आहे. जबानी विकत घ्यायची वस्तू नाही. ती ऐकायची असते आणि जशीच्या तशी पुढे पोहोचवायची असते. आमचे सॉर्टर अब्बा तेच करत होते.

जबानी पूर्ण ऐकली नाही तर काय होते याचे एक उदाहरण आपल्या मातीतले आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत निरोप्याचे काम करत होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांमधून मागे आणले, मग परत जाऊन शत्रूच्या मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर हे कोहाटकडचे पठाण जखमी अंगाने एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर चालून गेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि दोघेही जगले. सव्वादोन वर्षांत फाळणी झाली. मराठा पलटण इकडे राहिली, फ्रंटियर फोर्स पाकिस्तानकडे गेली. जाधव १९८४ साली वारले, अली हैदर १९९९ साली.

आम्ही अल्बम देशवार लावतो. सगळेच लावतात. आता सेनिओचे पान कुठे ठेवायचे? भारतात ठेवले तर अली हैदर बाहेर राहतात. पाकिस्तानात ठेवले तर जाधव. ब्रिटनच्या भागात ठेवले तर ज्या साहेबाने दोघांना परक्या नदीवर नेले त्याचे ते होते. दोघांनी एकमेकांना पाहिलेही नसेल. पण त्या दिवशी ज्या पाण्यात नामदेव जाधव उतरले त्याच पाण्यात अली हैदर उतरले होते, एवढे तर खरे. अल्बमची खाचणी चुकीची आहे, नदी चुकीची नाही. आम्ही शेवटी एका वेगळ्या कागदावर ‘सेनिओ, १९४५’ असे लिहिले आणि तो पान न लावता पेटीत ठेवला.

आता परत सुभेदारसाहेबांकडे. त्यांची सही आम्ही कशी घेतली होती ते सांगायचे राहिले. पहिल्या भेटीत आम्ही त्यांच्या पलटणीचे पाकीट आणि चांगला पेन घेऊन गेलो. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिले आणि विचारले, “मास्तर, याच्यावर जागा किती?” आम्ही म्हणालो, सहीपुरती भरपूर आहे. “सहीपुरती नको. माझ्याबरोबर तिघे होते. त्यांची नावे बसतील का?” आम्ही चाचरलो. पाकिटावर जास्त मजकूर असला की छांदिष्टांच्या लेखी ते खराब होते. सही नेटकी, एका बाजूला, तिकिटाला न लागणारी हवी. आम्ही ते त्यांना समजावून सांगितले. शरमेची गोष्ट, पण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, नेटकी सही केली आणि पाकीट परत दिले. चहा पिताना एवढेच म्हणाले, “तुमच्या त्या अब्दुल हमीदच्या तिकिटावर नाव एकाचेच आहे. जीप कोण चालवत होता?”

‘तुमच्या’ हा शब्द आमच्या कानाला लागला. प्रश्न मात्र पुढे अनेक वर्षे मनात राहिला. तोफ एकटा माणूस चालवत नाही. गाडी हाकणारा असतो, गोळा भरणारा असतो. पदक एकाच्या छातीवर लागते कारण छाती एकाच वेळी एकाचीच पुढे करता येते. मिळवणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणूनच बहुतेक खरे पदकधारी सही करताना ओशाळे होतात. आम्ही त्याला विनय समजत होतो. तो विनय नव्हता. परत न आलेल्यांचे देणे होते.

ते वारले त्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी समाचाराला गेलो. पाकीट सोबत घेतले. ते वहिनींच्या हाती द्यायचे आणि मोकळे व्हायचे असे ठरवले होते. मधल्या काळात तिकिटांच्या एका व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. आम्ही त्याला नाही म्हटले, पण त्याने सांगितलेली रक्कम आम्हांला अजून आठवते, हेही कबूल करतो.

वहिनींनी पाकीट दोन्ही हातांत धरून पाहिले. सहीवर बोट ठेवले. म्हणाल्या, “लई जपून केलीय सही. बँकेत अशी करत नव्हते.” मग परत दिले. “भाऊ, तुमच्याकडेच असू द्या. इथे पावसाळ्यात कागदाला बुरशी येते.” आम्ही आग्रह केला तेव्हा त्या जरा विचार करून म्हणाल्या, “ठेवा. पण कुणी विचारले तर सगळे सांगा. ते तिघे कोण होते ते त्यांच्या वहीत आहे. लिहून घ्या.”

आम्ही तिथेच ओसरीवर बसून लिहून घेतले. तीन नावे, तीन गावे. एक नाव बिहारकडचे, एक गढवालकडचे, आणि एक आमच्या नात्यात शोभेल असे. या वेळी आम्ही मोजणी केली नाही असे म्हणालो तर ते खरे होणार नाही. डोळ्यांनी नाव ओळखलेच. पण हात थांबला नाही, तिन्ही नावे सारख्याच अक्षरात लिहिली गेली. हे छांदिष्टाचे सुधारणे असेल तर एवढेच आहे.

तेव्हापासून पेटीतल्या प्रत्येक पाकिटामागे आम्ही एक साधा कागद ठेवतो. त्यावर सही कुणाची, कधी आणि कुठे झाली, सही करताना तो माणूस काय बोलला, त्याच्याबरोबर कोण होते, आणि लढाईनंतर त्याचे आयुष्य कसे गेले, हे जेवढे माहीत आहे तेवढे लिहितो. चेशायर यांच्या पाकिटामागे अंधेरीचे घर लिहिले आहे. ज्या प्लॅस्टिकमध्ये पाकिटे ठेवत होतो तेही बदलले. पीव्हीसीच्या पिशवीत तिकिटांचा रंग आणि कागद बिघडतो, हे जाणकार फार पूर्वीपासून सांगत होते. परमवीर चक्राचीही इंग्रजी आद्याक्षरे तीच, पीव्हीसी. अब्बा असते तर यावर खूप हसले असते.

अब्दुल हमीद यांचे पाकीट पेटीत सर्वांत वर आहे. त्यावर सही नाही. मध्यंतरी एका हितचिंतकाने सुचवले की एखाद्या बड्या अधिकाऱ्याची सही घ्या, पाकिटाला वजन येईल. आणखी कुणी म्हणाले, घरच्यांपैकी कुणाची तरी मिळवा. रसूलनबीबी तेव्हा हयात होत्या. २०१९ साली त्या वारल्या. आम्ही गेलो नाही. ज्या बाईने पतीच्या बदल्यात पदक घेतले तिच्यापुढे पाकीट धरून आणखी एक आकडा पुरा करायचा, हे मनाला पटेना. २०२३ साली अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांत अब्दुल हमीद यांचेही नाव आहे. सहीची जागा मात्र आमच्या पाकिटावर कोरीच आहे. त्या पाकिटामागच्या कागदावर आम्ही त्यांचे गाव, घर आणि लढाई लिहिली आहे, आणि खाली सुभेदारसाहेबांचा प्रश्न.

गेल्या ऑगस्टमध्ये आमची नात शाळेतून आली आणि म्हणाली, “दादाजान, मला भाषण मिळालंय.” आम्ही विचारले, कुणावर? म्हणाली, “तुम्हीच सांगा, बाईंनी कुणावरही बोल म्हटलंय.” आम्ही पेटी उघडून तिच्यापुढे ठेवली आणि बाजूला झालो. तिने बराच वेळ पाकिटे चाळली, मागचे कागद वाचले. शेवटी हातात सेनिओचा कागद घेऊन आली. “हे दोघे,” ती म्हणाली. “पण दादाजान, यांना दोन मिनिटांत बसवायचं कसं?”

आम्ही तिच्याशेजारी बसलो आणि दोघे मिळून लिहायला घेतले.